तेजस्वी वाघेचं २०९१

शाळेतून तेजस्वीची पुस्तकं परत आली ती मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात भरून. शिपायानं खोकं रिक्षातून उतरवून माझ्या वाचनालयाच्या पायरीवर ठेवलं आणि मान खाली घालून सांगितलं, की त्याला फक्त पोचवायला सांगितलंय. झाकण उघडलं. पुस्तकांचे कोपरे दुमडलेले, पाठी उसवलेल्या, एकाच्या पानावर आमटीचा डाग. ज्या पुस्तकानं मुलांचं नुकसान होतं म्हणून ते कपाटातून काढलं, ते मुलांनी आधीच वाचून वाचून झिजवलं होतं. मला तेव्हा जो राग आला तो अजून उतरलेला नाही. तो उतरायच्या आत हे लिहून काढते आहे.

तेजस्वी आमच्या भालखोलची. दिघीच्या खाडीकाठचं हे कोळ्यांचं गाव. तिचे वडील धर्माजी वाघे, त्यांची छोटी होडी. आई नीराबाई पाटी घेऊन आसपासच्या गावांत मासळी विकते. तेजस्वी रोज खाडी ओलांडून मुरुडच्या कॉलेजात गेली, मराठी घेऊन बीए झाली आणि मग दिघीच्या धक्क्यावर फेरीबोटीच्या तिकीट खिडकीत बसली. एक बोट सुटली की दुसरी येईपर्यंत हाताला काम नसतं. त्या वेळात तिनं फोनवर, अंगठ्यानं टाइप करून, एक कादंबरी लिहिली.

ती कशी सुरू झाली ते मला ठाऊक आहे, कारण सुरुवात माझ्याच वाचनालयात झाली. आमच्याकडे अमिषा नावाची नववीतली मुलगी यायची. जग संपलेलं असतं, सगळीकडे पहारे असतात, मुलं काळात मागे-पुढे उड्या मारतात, असल्या इंग्रजी गोष्टींचं तिला वेड. तसलं मराठीत काय आहे, असं तिनं एकदा विचारलं. तेव्हा तेजस्वी पुस्तक बदलायला आली होती. मी कपाटं धुंडाळली, पण तिच्या वयाला रुचेल असं काही हाती लागेना. अमिषा हसून म्हणाली, "जग बुडतं तेव्हा आपण कुठं असतो? आपल्याकडं बुडणारच न्हाय का?"

मी हसले. तेजस्वी हसली नाही.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली. नीराबाई खाडीपलीकडच्या आगरदांड्याहून पाटी घेऊन बोटीवर चढली. गाडीतून आलेल्या एका पाहुण्या बाईनं नाकाला रुमाल लावला आणि बोटीवरच्या माणसाला सांगितलं, की हिला पलीकडे बसवा, वास येतो. नीराबाई उठून टोकाला जाऊन बसली. बोट दिघीला लागली तेव्हा खिडकीतून तेजस्वीनं आईला तिथं बसलेलं पाहिलं आणि काय झालं ते विचारलं. आई म्हणाली, काही नाही, तिकडं वारा बरा लागतो. त्या दिवशी तेजस्वीनं पहिलं वाक्य लिहिलं: "२०९१ साली मासळीचा वास येणाऱ्या माणसाला दंड होता."

मी गेली वीसेक वर्षं पुस्तकांत आहे. गावातलं कुणी लिहिलं म्हणून कौतुक करणाऱ्यांतली मी नव्हे. वहीभर कविता घेऊन येणाऱ्यांना मी पुष्कळदा चहा पाजून परत पाठवलंय. पण ही कादंबरी मी एका बैठकीत वाचली, आणि मधे दूध उतू गेलं.

गोष्ट अशी. २०९१ साली सगळ्या किनाऱ्याला भिंत आहे. किनाऱ्यावरची माणसं डोंगरामागच्या वसाहतींत राहतात. समुद्र बघायचा तर दर्शनपास लागतो, तो वर्षातून एकदा मिळतो. भरती हा शब्द मुलांना माहीत आहे, पण भरती म्हणजे भिंतीच्या पहाऱ्यावर माणसं घेतात ती. पाण्याला भरती येते हे त्यांनी ऐकलेलंच नाही. येसू नावाची पंधरा वर्षांची मुलगी एका म्हातारीकडून हे पहिल्यांदा ऐकते आणि तिला ते खोटं वाटतं. पाणी कसं भरती होईल? कुठल्या खात्यात? मग भिंतीच्या एका मोरीतून ती बाहेर पडते. अमावास्येच्या उधाणाची मोठी ओहोटी असते. समुद्र मागे जातो, जातच राहतो, आणि त्याच्याबरोबर काळही मागे जातो. चिखल तुडवत येसू जिथं वर येते ते आपलं आजचं गाव असतं. भरती लागायच्या आत तिला परतायचं असतं, नाहीतर ती कायमची इकडे अडकेल.

ती येते ती एका माणसाच्या शोधात. किनारा विकणारा तो कोण, हे तिला जाणून घ्यायचं असतं. त्याला थांबवलं की भिंत होणार नाही, असं तिचं साधं गणित. ती गावाच्या सभेत जाऊन मागे उभी राहते. तिथं तिला खलनायक सापडत नाही. सापडते ती चांगल्या माणसांनी भरलेली खोली. एकाला भरतीची वेळ गाठून होडी काढायची असते, एकाच्या मुलाची नोकरी अडलेली असते, एकाला वाटतं दुसरा कुणीतरी बोलेल. सगळे जमिनीकडे बघत असतात, आणि ठराव पास होतो. त्या खोलीत तिचा पणजोबाही असतो. बाहेर आल्यावर ती त्याला विचारते, तू काय केलंस? तो उत्तर देत नाही. तोवर भरती लागते.

शेवट मी सांगत नाही. वाचा.

तेजस्वीनं ती मुंबईच्या एका प्रकाशनाकडे पाठवली. नाव सांगत नाही. त्यांनी भेटायला बोलावलं. ती अलिबागवरून मांडव्याला गेली, तिथून बोटीनं मुंबईला. संपादक मृणाली नावाच्या बाई होत्या, बोलायला गोड. आल्याआल्या कॉफी मागवली, भाषेचं कौतुक केलं. मग एकेक गोष्ट पुढे ठेवत गेल्या. येसू हे नाव आजच्या मुलांना जुनाट वाटेल. बोलीतले संवाद प्रमाण मराठीत करावेत. ओहोटीऐवजी काहीतरी यंत्र असावं, कारण मुलांना यंत्रं आवडतात. आणि मुलगी मुंबईची असावी. कोळीवाड्याची गोष्ट म्हणजे आठवणींची, गेलेल्या दिवसांची, ती त्यांच्या वेगळ्या मालिकेत जरूर छापतील. भविष्यकाळाच्या गोष्टीला शहर लागतं. वाचक विश्वास ठेवणार नाही.

तेजस्वीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे भविष्यात आम्ही नसणार, हे तुम्ही आधीच ठरवलंय. मॅडम, माझ्या पुस्तकात तेच तर लिहिलंय."

कॉफी तशीच ठेवून ती उठली. हे तिनं मला परतल्यावर सांगितलं तेव्हा तिचा आवाज शांत होता. माझा नव्हता. माणसाला भूतकाळात बसवून वर त्याची गाणी गोळा करायची, त्याच्या लुगड्याचे फोटो काढायचे, आणि त्यानं उद्याबद्दल तोंड उघडलं की म्हणायचं, हे तुमचं काम नव्हे. बोटीवर नाकाला रुमाल लावणारी बाई आणि कॉफी पाजणारी बाई यांत मला फार फरक दिसत नाही. पहिलीनं निदान पलीकडे बस असं स्पष्ट सांगितलं.

शेवटी रोह्याच्या एका छापखान्यानं पुस्तक काढलं. छापखाना लग्नपत्रिकांचा आणि दिवाळी अंकांचा, पण मालकाला वाचायची हौस. त्यानं एक अक्षर बदललं नाही. मुखपृष्ठावर काही चित्र नाही, करड्या कागदावर एक पाटी: किनारा बंद आहे. तेच पुस्तकाचं नाव.

आमच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापिका हेमाली मॅडम. त्यांनी पुस्तक वाचलं, त्यांना आवडलं, आणि त्यांनी शाळेच्या वाचनतासासाठी माझ्या वाचनालयामार्फत प्रती घेतल्या. हे श्रेय त्यांचं, ते मी काढून घेणार नाही. मुलं वेडी झाली. डबा खाताना वाचू लागली. वर्गात एकमेकांना दर्शनपास दाखव म्हणू लागली. ज्या मुलांना धड्याच्या खालचे प्रश्न सोडवताना झोप येते, ती मुलं येसूनं मोरीतून जायला नको होतं की जायला हवं होतं, यावर भांडू लागली. मग मॅडमनी त्यांना एक काम दिलं: २०९१ मधल्या मुलानं आजच्या गावाला काय सांगितलं असतं ते लिहा.

अमिषाचं लिखाण सर्वांत चांगलं झालं. स्नेहसंमेलनात तिला ते वाचायला उभं केलं. समोरच्या खुर्च्यांवर संस्थेचे अध्यक्ष आणि इतर पाहुणे. अमिषानं वाचलं, की आमच्या वसाहतीतल्या म्हाताऱ्या सांगतात, भिंतीच्या आधी तारेचं कुंपण होतं, आणि कुंपणाच्या आधी नुसती एक पाटी होती, आणि पाटी लागली तेव्हा कुणाला काही वाटलं नाही.

हे कशाबद्दल आहे ते मंडपातल्या प्रत्येकाला कळलं. आमच्या गावातून मासळी वाळवायच्या खळ्याकडे जाणारी वाट आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी तिथं एका रिसॉर्टची पाटी लागली आणि मागोमाग तारेचं कुंपण आलं. बाया आता पाट्या घेऊन लांबून वळसा घालून जातात. कुंपणाचं कंत्राट अध्यक्षांच्या पुतण्याकडे आहे. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढच्या सोमवारी पुस्तकं कपाटातून निघाली.

कारणं लेखी आली. पुस्तकामुळे मुलांच्या मनात नैराश्य येतं. पुस्तकातला कालप्रवास विज्ञानाला धरून नाही. ओहोटीबरोबर काळ मागे जाणं ही अंधश्रद्धा आहे. हे वाचून मी खरोखर हसले. मुलांना नैराश्य कशानं येतं, हे ज्यांना कळत नाही त्यांनी एकदा आमच्या दहावीच्या मुलांना विचारावं, की पुढं काय करणार. निम्मी सांगतात रिसॉर्टवर वेटर. आणि त्यांना त्याचं वाईटही वाटत नाही; वाईट वाटायला आधी दुसरं काहीतरी सुचावं लागतं. तेजस्वीच्या पुस्तकानं ते सुचवलं, हाच त्याचा गुन्हा.

पत्रावर सही हेमाली मॅडमची होती. मी त्यांना भेटायला गेले. त्या म्हणाल्या, त्यांची नोकरी संस्थेची आहे, त्यांच्या हातात काही नाही. कपाटाची चावी त्यांच्याच टेबलावर होती. मला त्यांची कीव करता आली नाही, अजून येत नाही.

मग संस्थेनं तेजस्वीला बोलावलं. स्पष्टीकरण द्या, म्हणे. ती एकटी जाईल म्हणून मी बरोबर गेले. अध्यक्ष, दोन सदस्य आणि हेमाली मॅडम बसले होते. आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. अध्यक्षांनी सुरुवात प्रेमानं केली. तू आमच्याच शाळेची, आमचीच लेक, वगैरे. मग म्हणाले, की आपल्याच गावाची अशी बदनामी तिला शोभत नाही. गावात नुकता विकास यायला लागलाय.

तेजस्वी म्हणाली, "साहेब, पुस्तकात गावाचं नाव कुठंच न्हाय. तुम्हीच वळखलंत."

एक सदस्य पुस्तक उघडून पानं उलटू लागला, नाव शोधत असावा. त्याला ते सापडलं नाही. अध्यक्ष उठले आणि बैठक संपली. पुस्तक कपाटात परत गेलं नाही.

इथवरचा राग मला सोपा गेला. पुढची गोष्ट अवघड आहे, कारण ती तिच्या घरातली.

ज्या सभेत येसू मागे उभी राहते ती सभा तेजस्वीनं हवेतून काढलेली नव्हती. रिसॉर्टला ना-हरकत द्यायची सभा आमच्या गावात झाली होती, आणि तिथं धर्माजीही बसला होता. गावात कुणीतरी त्याला सांगितलं, तुझ्या पोरीनं तुलाच पुस्तकात घातलंय, गप बसणारा पणजोबा तूच. धर्माजी चारचौघांत मान असलेला माणूस. देवळाच्या कामात, भांडणं मिटवण्यात पुढे. तो घरी आला आणि तेजस्वीशी बोलायचा बंद झाला. ताटावर बसताना तिच्याकडे पाठ करून बसायचा. नीराबाई दोघांच्या मधे निरोप्याचं काम करायची. शाळेच्या बंदीनं जी मुलगी डगमगली नव्हती, ती वाचनालयात येऊन रडली. मी तिला म्हटलं, तू खोटं तर लिहिलं नाहीस. ती म्हणाली, "खरं लिवलं म्हणून तर बाबा बोलत न्हाय."

एका सकाळी धर्माजी माझ्याकडे आला. वाचनालयात तो पूर्वी कधी आलेला नव्हता. दारात चप्पल काढून उभा राहिला आणि म्हणाला, तिचं बुक द्या. मी परत आलेल्या प्रतींतली एक दिली. तो सातवी शिकलेला, वाचायची सवय मोडलेली. होडी किनाऱ्याला लावून, जाळ्याच्या ढिगावर बसून, एकेका ओळीवर बोट ठेवत तो वाचायचा. येणारे-जाणारे बघायचे. गणपती येऊन गेले तरी त्याचं वाचन चालूच होतं.

ज्या दिवशी संपलं त्या दिवशी तो दिघीच्या धक्क्यावर गेला. बोट नुकतीच सुटली होती, खिडकीत तेजस्वी एकटी होती. पुढचं मला तिनंच सांगितलं.

तो म्हणाला, "ती पोर पणजोबाला इचारते, तू काय केलंस. त्याचं उत्तर तू लिवलं न्हाय."

तेजस्वी म्हणाली, "मला म्हाईत नव्हतं, बाबा."

"मग मला का न्हाय इचारलंस?"

वडिलांना असं कसं विचारायचं, म्हणून तिनं त्या माणसाला पुस्तकात मुका ठेवला होता. धर्माजी खिडकीच्या कठड्याला धरून उभा राहिला आणि त्यानं सांगितलं, "मी भ्यालो न्हवतो, बाय. त्यांनी कागद वाचला, त्यातलं मला कायबी समजलं न्हाय. आन समजलं न्हाय ह्ये चारचौघांत सांगायची लाज वाटली. तेवढंच. लाजलो."

हे ऐकल्यापासून मी कितीदा तरी त्याचा विचार केलाय. किनारे भीतीनं जातात, लाचेनं जातात, हे आपण नेहमी ऐकतो. एका भल्या माणसाच्या लाजेनं जातात, हे कुणी लिहीत नाही. आणि ती लाज त्याच्या अंगात कुणी भरली? ज्या भाषेत कागद लिहिले जातात ती भाषा कुणाची? मराठीच म्हणायची, पण तिच्यात धर्माजीला पाय ठेवायला जागा नाही.

दिवाळीनंतर पुन्हा सभा लागली. आता रिसॉर्टला कुंपण वाढवायचं होतं. ठराव नेहमीसारखा भरभर वाचून झाला. कुणाची हरकत नाही ना, असं विचारलं गेलं. धर्माजी उठला. पाठीमागच्या रांगेत बायांबरोबर मी आणि तेजस्वी होतो. त्याचा सदरा पाठीवर घामानं चिकटलेला मला दिसत होता.

"मला समजलं न्हाय," तो म्हणाला. "आमच्या बोलीत सांगा. कुठनं कुठवर?"

सरपंचांनी पुन्हा तेच वाचलं. धर्माजी उभाच. म्हणाला, अजून समजलं नाही. मग त्याच्या शेजारचा म्हातारा उठला, त्यालाही समजलं नव्हतं. मग आणखी एक. शेवटी नीराबाई उठली आणि म्हणाली, की समजलं तर तिलाही नाही, आणि समजल्याशिवाय ती घरी जाणार नाही. बसलेल्या माणसांना उभं राहायला एवढं छोटं वाक्य पुरतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. मग सरपंचांना सोप्या शब्दांत सांगावंच लागलं: कुंपण वाळवणाच्या खळ्यापलीकडे जाईल, खळं आत येईल. तेव्हा खोलीत जो गलका उठला त्यात ठराव राहिला. पुढच्या सभेवर ढकलला गेला, आणि त्यानंतर दोन सभा झाल्या, त्यांत तो आलेला नाही. पण जुनं कुंपण आहे तिथंच आहे. बाया अजून वळसा घालूनच जातात. मी खोटा विजय सांगणार नाही.

तेजस्वीनं दुसऱ्या आवृत्तीत एक प्रकरण वाढवलं. त्यात पणजोबा बोलतो. ते प्रकरण आता पुस्तकातलं सर्वांत चांगलं आहे, आणि त्यातला एकही शब्द तिनं प्रमाण भाषेत केलेला नाही.

या वर्षी एका साहित्य संस्थेनं पुस्तकाला किशोर साहित्याचा पुरस्कार दिला. वर्तमानपत्रात फोटो आला. दुसऱ्याच दिवशी आमच्या हायस्कूलच्या फाटकावर भलामोठा फ्लेक्स लागला: आमच्या शाळेची माजी विद्यार्थिनी कुमारी तेजस्वी धर्माजी वाघे हिचे हार्दिक अभिनंदन. खाली अध्यक्षांचा फोटो, तिच्या फोटोहून मोठा. पुस्तकाचं नाव कुठंही नाही.

मराठी भाषा दिनाला प्रमुख पाहुणी म्हणून तिला निमंत्रण आलं. हेमाली मॅडम स्वतः धक्क्यावर गेल्या होत्या. तेजस्वीनं विचारलं, पुस्तक कपाटात ठेवलं का? मॅडम म्हणाल्या, परीक्षा झाल्या की बघू. तेजस्वीनं सांगितलं, मग माझंही परीक्षा झाल्यावर बघू. आणि खिडकीसमोर रांग लागली होती, म्हणून ती तिकिटं फाडायला लागली.

परीक्षा होऊन गेल्या. सुट्टी लागली, संपली. फ्लेक्स अजून फाटकावर आहे. कपाट मी गेल्या गुरुवारी जाऊन पाहिलं. पुस्तक त्यात नाही.